गाण्यात एक तरी गोष्ट न रडणारी हवी

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारा गोव्यातल्या डिचोलीचा २२ वर्षांचा मुलगा आहे. आजोबांचं घर विकलं गेलं, त्यावर त्याने मराठीत एक संथ रॉक गाणं केलं. ए मायनर, एफ, सी, जी हे चार कॉर्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पहिली ओळ 'काळजात दाटला अंधार', धृपद 'मी एकटा, मी एकटा'. मित्र म्हणाले, रडगाणं झालंय. एकाने तर मराठीत रॉक जमतच नाही असा निकाल देऊन टाकला. गाणं उदास ठेवूनही रडकं होऊ नये यासाठी काय करावं, आणि गाण्याआधी त्यामागची गोष्ट लोकांना सांगावी का, असं तो विचारतो. जाता जाता त्याने एक तपशील लिहिलाय: घराचं आता गेस्ट हाऊस झालंय, राजांगणातली, म्हणजे घराच्या मधल्या चौकातली, तुळस मात्र नवीन मालकाने ठेवली आहे, हा बघायला गेला तेव्हा तिला पाणी घालणाऱ्या राखणदाराने विचारलं, 'कोण हवंय?' त्या तपशिलाकडे मी शेवटी येतो.

वयाने तू माझ्या धाकट्या मुलीएवढा, म्हणून अरे-तुरे करतो. मी फोंड्याचा. गिटार हातात घेतली त्याला ३० वर्षं होतील. त्यातली निम्मी लग्नांत आणि हॉटेलांत दुसऱ्यांची गाणी वाजवण्यात गेली. स्वतःची गाणी उशिरा सुचली, आणि त्यातली पहिली तीन-चार तुझ्या गाण्यासारखीच होती. म्हणून बोलायचा थोडा अधिकार आहे असं समजतो.

तुझी अडचण माझ्या मते वेगळी आहे. गाणं पुरेसं दुःखी नाही अशी कोणाचीच तक्रार नाही. उलट त्यात सगळंच दुःखी आहे. शब्द रडतात, कॉर्ड रडतात, कीबोर्डवरची व्हायोलिनं रडतात, आणि वरून आवाजाला असा रिव्हर्ब लावलायस की तू विहिरीत पडल्यासारखा वाटतोस. ऐकणाऱ्याला करायला काही उरतच नाही. मयताच्या घरी सगळेच हंबरडा फोडत असले, तर भेटायला आलेला माणूस दारातच घुटमळतो. पण शेजारीण खालमानेने चहाचे कप भरत असते ना, तिच्याकडे बघून त्याचाही गळा दाटतो. गाण्यात अशी एक शेजारीण लागते. शब्द, ताल, बेस, एखादी मोकळी तार, काहीही चालेल, पण एक गोष्ट अशी हवी की जी रडत नाहीये, आपलं काम करत राहिली आहे. बाकीचं गाणं तिच्यावर टेकतं.

हे सगळीकडे सारखंच लागू पडतं असं नाही. तू एकटा गिटार घेऊन गाणार की चार जणांचा बँड आहे, यावर बरंच अवलंबून आहे. ऐकणारे कोण, यावरही. बारमध्ये गाणार असशील तर पहिली दोन कडवी कोणी ऐकत नसतं हे धरूनच चाल. आणि घाव ताजा असेल, तर आत्ता गाण्याला कात्री लावू नकोस. जसं आहे तसं फोनवर रेकॉर्ड कर आणि दोन महिने बघूच नकोस. ओल्या लाकडावर रंधा नीट चालत नाही.

हे मला कसं कळलं ते सांगतो. सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती, विहिरी, वाटा उघड्या पडतात, आणि मे महिन्यात तिथून उठलेली माणसं परत येतात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती लोक चॅपेलचं फेस्त करतात. पाऊस आला की गाव पुन्हा खाली जातं. एका मे महिन्यात मी तिथे गेलो आणि परत येऊन गाणं लिहिलं. त्यात बुडणं, विरणं, अश्रू, सगळं खच्चून भरलं. एका कार्यक्रमात ते वाजवलं. दुसऱ्या कडव्याला पुढच्या दोन रांगा उठल्या आणि बाहेर गाड्यावर रस-ऑम्लेट खायला गेल्या. मला तेव्हा प्रेक्षकांचाच राग आला.

पुढे रेकॉर्डिंगच्या दिवशी आमचा ड्रमर एका लग्नात अडकला. नुसता किक आणि स्नेअरच्या कडेवरची काडी, असा साधा ठेका कॉम्प्युटरवर लावून आम्ही काम उरकलं. त्यावर नंतर खरे ड्रम चढवायचे ठरलं होतं. ऐकलं तेव्हा सगळे गप्प झालो. गाणं पहिल्यांदाच दुःखी वाटत होतं. आवाज गावाबद्दल गात होता आणि ठेका आपला चालत होता, धरणाच्या पाण्यासारखा, कोणाची पर्वा न करता. ड्रमर आठवड्याने आला, त्याने मनापासून वाजवलं, प्रत्येक ओळीच्या शेवटी गडगडाट केला, आणि गाणं पुन्हा पहिल्यासारखं झालं. शेवटी त्याला त्या यंत्रासारखंच वाजवायला लावलं. दोन दिवस फुगून बसला होता.

नंतर लक्षात आलं की यात आपण नवीन काहीच शोधलं नाही. आपल्या दक्षिण गोव्यातल्या साष्टीतला मांडोच घे. शब्द कोंकणी, विषय बहुतेक वेळा विरह, ताटातूट, न मिळालेलं माणूस. पण मांडो नाचाचा आहे! सहा मात्रांच्या संथ लयीत बायका-पुरुष समोरासमोर पावलं टाकतात, दोन आवाज एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर चालतात, घुमट हे मातीचं तालवाद्य खाली धीम्या लयीत वाजत राहतं. गळा रडतो, पाय रडत नाहीत. आणि मांडो संपला की लगेच द्रुत दुलपद सुरू होतं. हे मी लहानपणापासून ऐकत होतो, पण कान उघडायला ड्रमरने दांडी मारावी लागली.

रॉकमध्येही हेच दिसेल. 'आर. ई. एम.' या अमेरिकन बँडचं १९९२ सालचं 'एव्हरीबडी हर्ट्स' ऐक. जगातल्या दुःखी गाण्यांच्या कुठल्याही यादीत ते असतं. ते डी मेजरमध्ये आहे. उदास वाटणारा मायनर नव्हे, मेजर! आणि खाली एक साधं ड्रम मशीन टिकटिक करत राहतं. गंमत म्हणजे गाण्याची मूळ कल्पना त्यांच्या ड्रमरची, बिल बेरीची.

आता तुझ्या चार कॉर्डकडे येऊ. ए मायनर, एफ, सी, जी यात चूक काही नाही, हजारो गाणी त्यावर उभी आहेत. पण तू नाट्यसंगीताच्या मुलखातला, तुला सुरांच्या भाषेत सांगतो. 'ए' म्हणजे सा धरला, तर हा आसावरी थाट झाला: गंधार, धैवत, निषाद कोमल. या सुरांत तू पहिल्यापासून शेवटपर्यंत आहेस, म्हणून कोमल धैवत केव्हा आला ते कळतच नाही. तो दुखायला हवा असेल तर आधी शुद्ध धैवत ऐकवावा लागेल. याचा नमुना 'रेडिओहेड'च्या 'क्रीप'मध्ये आहे, तेही १९९२ चंच. चारच कॉर्ड: जी, बी, सी आणि सी मायनर. तीन मेजर, एक मायनर. 'जी'ला सा मान आणि प्रत्येक कॉर्डमधला एकच सूर पकडून चाल. पहिल्यात पंचम, दुसऱ्यात कोमल धैवत, तिसऱ्यात शुद्ध धैवत, चौथ्यात पुन्हा कोमल, आणि मग परत पंचम. एक माणूस दोन पायऱ्या चढतो, तिसऱ्या पायरीसाठी पाय उचलतो आणि मुकाट्याने खाली उतरतो. गाणंभर हेच. शब्द कळले नाहीत तरी हे कळतं.

तुझ्या गाण्यात हे आणायला फार काही करावं लागणार नाही. कडव्यात 'एफ'च्या जागी डी मेजर वाजवून बघ. त्यात शुद्ध धैवत आहे, म्हणजे तू आसावरीतून काफी थाटात गेलास. तिथे सूर जरा सैलावतो, अंगणात ऊन आल्यासारखा. मग धृपदात पहिल्यांदा 'एफ' वाजव. तोच जुना एफ, पण आता तो लागेल. दुसरी सूचना: चारही कॉर्डमध्ये सर्वात बारीक 'ई' तार मोकळी वाजती ठेव. बोटं बदलतात, ती तार बदलत नाही. तंबोऱ्यातल्या पंचमाचंच काम आहे हे. तुझी शेजारीण तुला तिथेही मिळेल.

(एक सावधगिरी: कोमल रिषभ घालून फार भैरवीकडे जाऊ नकोस. आपल्याकडे भैरवी लागली की लोक चपला शोधायला लागतात.)

लयीचं फार सांगत नाही. मिनिटाला ६६ ठोक्यांपासून ८० पर्यंत चार-पाच वेगांत गाऊन बघ. नवखे लोक उदास म्हणजे संथ असं समजून इतके सावकाश जातात की श्वास पुरत नाही. बहुतेक गाणी तुला वाटतं त्यापेक्षा चार ठोके पुढे बरी वाटतात. स्वर असा निवड की कडवं बोलल्यासारखं खाली राहील आणि धृपदातला सर्वात वरचा सूर तुझ्या गळ्याच्या अगदी कडेला येईल. कॅपो (गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) सरकवत शोध. आवाज फाटता फाटता राहिला पाहिजे. रिव्हर्ब काढून टाक. आणि जूनच्या आत रेकॉर्ड कर. पावसाळ्यात आपल्याकडे लाकूड फुगतं, तारांना गंज चढतो, आणि वीज कुठल्या टेकला जाईल सांगता येत नाही.

मराठीत रॉक जमत नाही, हे मात्र खोटं आहे. जमत नाही ते इंग्रजी चालीवर मराठी शब्द कोंबणं. कारण अगदी साधं आहे. इंग्रजीत शब्दातल्या एका अक्षरावर आघात असतो आणि चाल त्या आघातावर बसते. मराठीत वजन लघु-गुरूचं. तुझ्या दुसऱ्या कडव्यात 'तुझी सावली' आहे, आणि तू 'तु'वर दोन ठोके थांबतोस. मग ऐकू येतं 'तूऽऽ झी'. 'झी' म्हणजे कोण, असं माझ्या मुलीने विचारलं. 'तु' लघु आहे, तो ठोक्याच्या आधी उचलून घे आणि 'झी' ठोक्यावर ठेव. बघ, एकदम माणूस बोलल्यासारखं वाटेल. तसंच ओळीच्या शेवटाचं. 'अंधार'मधला 'र' लांबवता येत नाही, लांबवायचा असतो तो 'धा'. तू 'र'वर ताण देतोस म्हणून तो 'अंधारऽऽअ' होतो आणि ऐकणाऱ्याला भजनी मंडळ आठवतं. जिथे सूर धरायचा आहे तिथे आकारान्त, एकारान्त, ईकारान्त शब्द आण. व्यंजनाने तुटणारा शब्द तिथे ठेव, जिथे तुला खरंच तुटायचं आहे.

आणि आपल्याकडे तयार साचा असताना तू बाहेर कशाला शोधतोस? मोठ्या अभंगाचं मोजमाप आठव: तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. कुर्डीचं गाणं मी शेवटी याच मापात पुन्हा लिहिलं. त्यातलं एक कडवं:

पाणी ओसरले
दिसू लागे जोते
कोणाचे हे होते
सांगू नये

आता हे चार ठोक्यांच्या बारमध्ये, म्हणजे आवर्तनात, बसवून बघ. एका ठोक्यात दोन अक्षरं. पहिल्या तीन बारमध्ये तीन ठोके शब्द, एक ठोका मोकळा. चौथ्यात दोनच ठोके शब्द, आणि अर्धा बार रिकामा. तिथे काहीही वाजवू नकोस, ठेका तेवढा चालू दे. कान सहा अक्षरांना सरावलेला असतो, चौथ्याला पायाखाली पायरी नसते. वारकऱ्यांनी शेकडो वर्षं गायलेलं माप, त्यात ही पोकळी आधीच ठेवलेली आहे. आमच्या गिटारवाल्याला तिथे काहीतरी वाजवायची फार हौस. मी त्याला सांगितलं, तिथे गाव आहे, तू उभा राहू नकोस.

ड्रम नसतील तर घुमट वापरता येईल. २०१९ साली राज्याचं वारसावाद्य म्हणून त्याची घोषणा झाली, पण आपल्याला ते चवथीच्या आरत्यांमुळे घरचंच आहे. मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता बकरीचं. दुसरं तोंड उघडं, ते तळव्याने झाकत-उघडत सूर खालीवर करायचा. आरतीतल्यासारखं भरभरून मात्र वाजवू नकोस. एका बारला एकच ठोका, तळवा जरा उघडा ठेवून. खोलीत कोणीतरी श्वास घेतोय असं वाटतं. हे मी एकाच गाण्यात केलंय, तेव्हा छातीठोकपणे सांगणार नाही. तू करून बघ.

आता शब्द. 'काळजात दाटला अंधार' ही ओळ काढ. 'मी एकटा' पण काढ. ऐकणाऱ्याने हे स्वतःशी म्हणायचं असतं; तू आधीच म्हणून टाकलंस तर तो मान डोलावेल आणि मोबाइल काढेल. तुझ्या सबंध गाण्यात हाताने धरता येईल अशी एकच वस्तू आहे, ओसरीवरचा झोपाळा, आणि तीही इतक्या गाण्यांत येऊन गेलीय की तिच्या कड्या गळून पडल्यात.

आणि प्रश्न लिहिताना तू सहज काय लिहून गेलास? तुळस जिवंत आहे. घर गेलं, आजोबा गेले, आणि तुळस मजेत वाढतेय. कोणी परका माणूस तिला रोज पाणी घालतो, आणि घरच्या मुलाला विचारतो, 'कोण हवंय?' तो वाईट नाही, उद्धटही नाही, आपलं काम करतोय. अरे, हीच तुझी न रडणारी गोष्ट! तुझ्याच डोळ्यांसमोर घडली आणि गाण्यात घेतली नाहीस, कारण ती तुला दुःखी वाटली नसेल. वर 'राखणदार' हा शब्द तुला फुकटात मिळालाय. आपल्याकडे राखणदार म्हणजे फाटकावरचा माणूसही, आणि गावाची वेस सांभाळणारा, रोट घेणारा देवही. घराच्या राखणदारानेच घरच्या मुलाला ओळखलं नाही. याचा खुलासा गाण्यात करू नकोस. आपल्या माणसांना कळेल, बाहेरच्यांना नुसता पहारेकरी दिसेल, तरी बिघडत नाही.

तुझा दुसरा प्रश्न, आधी अर्थ सांगावा का? जागा सांगावी, भावना सांगू नये. 'हे आमच्या डिचोलीच्या घरावर आहे' एवढं पुरे. कुर्डीच्या गाण्याआधी पूर्वी मी पाच मिनिटं बोलायचो: धरण, विस्थापन, विकास. बोलून झालं की लोक टाळ्या वाजवायचे आणि मग गाणं ऐकताना माझ्या भाषणाशी ताडून बघायचे. आता फक्त गावाचं नाव घेतो. एकदा कार्यक्रमानंतर एक बाई येऊन म्हणाल्या, हे माझ्या माहेरावर आहे ना? त्यांचं माहेर पेडण्याला, तिथे कुठलंही धरण नव्हतं. मी हो म्हटलं.

तर आता क्रम असा ठेव. व्हायोलिनं पूर्ण बंद. ठेका साधा, बदल न करता. कडव्यात डी, धृपदात एफ. वरची ई मोकळी. तुळशीचं कडवं अभंगाच्या मापात लिही. ते मी लिहून देणार नाही, हात शिवशिवतोय तरी. फक्त एवढं बघ, की त्या माणसाचा प्रश्न, 'कोण हवे', मोजून चार अक्षरांचा आहे. तो चौथ्या चरणात ठेव आणि पुढचा अर्धा बार उत्तर देऊ नकोस. फोनवर रेकॉर्ड करून इथेच टाक, आवाज आणि ठेका, बाकी काही नको. रविवारी सकाळी मी मोकळा असतो, तेव्हा ऐकेन.